फुप्फुसाच्या कॅन्सरवरची ‘नॅनो’ दवा : औषध तेच, गाडी नवी

आपल्या जळगाव-धुळ्यात एखाद्या घरात फुप्फुसाच्या कॅन्सरचे निदान झाले की पहिल्या आठवड्यातच घरच्यांच्या कानावर ढीगभर नवे शब्द पडतात. बायोप्सी, पेट स्कॅन, स्टेज, सायकल. त्यातच एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे ‘नॅनो’. कोणी नातेवाईक मुंबईहून फोन करून सांगतो, "साधी केमो मत लगाओ, नॅनोवाली लगाओ." मेडिकलवाला दोन किमती सांगतो आणि दोन्हींत मोठा फरक असतो. मग घरात चर्चा सुरू होते. जास्त पैसे घातले तर अब्बा वाचतील का? पैसे नाहीत म्हणून साधी केमो दिली तर आपण त्यांच्यावर जुलूम केला असे होईल का?

हा प्रश्न फक्त एका घराचा राहत नाही. मोहल्ल्यातून चंदा होतो, कोणी जकातीची रक्कम देतो, कोणी घरातले दागिने मोडतो. म्हणूनच ही नॅनो दवा नेमकी काय आहे, तिने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे साध्या भाषेत समजून घेणे गरजेचे आहे.

नॅनो म्हणजे किती लहान?

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर असते. कॅन्सरच्या ज्या नॅनो दवेबद्दल आपण पुढे बोलणार आहोत, तिचा एक कण सुमारे १३० नॅनोमीटरचा असतो. म्हणजे असे सहाशे-सातशे कण एका रांगेत ठेवले तेव्हा कुठे केसाची जाडी भरते. रक्तातली लाल पेशीसुद्धा या कणाच्या पन्नासपट मोठी असते.

इतका लहान कण कशाला हवा? कारण औषध रक्तातून वाहून न्यायचे असते. कण मोठा असला तर बारीक रक्तवाहिनीत अडकेल. फारच लहान असला तर मूत्रपिंड त्याला लगेच गाळून लघवीवाटे बाहेर टाकेल. या दोन्हींच्या मधले माप साधले तर तो कण रक्तात काही काळ फिरू शकतो.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. नॅनो हे औषधाचे नाव नाही, ते औषध वाहून नेणाऱ्या गाडीचे माप आहे. गाडीत बसणारे औषध बहुतेक वेळा जुनेच असते.

ब्लॅक फंगसचे इंजेक्शन आठवते?

नॅनो दवा आपल्याकडे पहिल्यांदा येत आहे असे नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या भाषेत ब्लॅक फंगस, पसरला होता. त्या वेळी महाराष्ट्रभर नातेवाईक ‘लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी’च्या इंजेक्शनसाठी वणवण फिरत होते. ती नॅनो दवाच होती.

ॲम्फोटेरिसिन-बी हे बुरशीवरचे फार जुने औषध. बुरशी मारते, पण त्याचबरोबर मूत्रपिंडाला मोठा त्रास देते. तेच औषध चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत बसवले की मूत्रपिंडाचा त्रास बराच कमी होतो आणि डॉक्टर जास्त डोस देऊ शकतात. म्हणून लोकांना साधे नको होते, लिपोसोमल हवे होते.

कॅन्सरमध्येही सुरुवात अशीच झाली. १९९५ साली अमेरिकेत डॉक्सिल नावाच्या औषधाला मंजुरी मिळाली. त्यातले मूळ औषध डॉक्सोरुबिसिन हे हृदयाला त्रास देणारे म्हणून ओळखले जाते. चरबीच्या नॅनोकणात बंद केल्यावर तो त्रास कमी झाला. म्हणजे दोन्ही उदाहरणांत पहिला फायदा आहे तो कमी त्रासाचा. फुप्फुसाच्या कॅन्सरची गोष्टही इथूनच समजून घ्यायची.

पॅक्लिटॅक्सेल आणि एरंडेल

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये वर्षानुवर्षे वापरले जाणारे एक औषध म्हणजे पॅक्लिटॅक्सेल. ते मुळात पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडले. कॅन्सरची पेशी दुभंगून दोन होते तेव्हा तिच्या आत बारीक दोऱ्यांचा एक सांगाडा उभा राहतो आणि काम झाले की मोडतो. पॅक्लिटॅक्सेल तो सांगाडा मोडूच देत नाही. पेशी मध्येच अडकते आणि मरते.

औषध चांगले, पण अडचण एकच. ते पाण्यात विरघळत नाही. आणि शिरेतून द्यायचे तर ते पातळ करावेच लागते. यावर उपाय काढला गेला तो क्रेमोफोर नावाच्या द्रवाचा. हे क्रेमोफोर एरंडेल तेलावर प्रक्रिया करून बनवतात. त्यात साधारण तेवढेच इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल, मिसळतात आणि त्या मिश्रणात पॅक्लिटॅक्सेल विरघळवतात.

साध्या पॅक्लिटॅक्सेलचा बराचसा तापदायक भाग या क्रेमोफोरमुळे आहे. काही मरीजांना त्याची तीव्र ॲलर्जी येते, दम लागतो, बीपी खाली जाते. ते टाळण्यासाठी आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीविरोधी इंजेक्शने द्यावी लागतात. सलाइन तीन-तीन तास हळूहळू चालवावी लागते. हातापायांना मुंग्या येणे, बधिरपणा येणे हा त्रास मूळ औषधाचाही आहे, पण क्रेमोफोर त्यात भर घालते.

अल्ब्युमिनची गाडी

शास्त्रज्ञांनी विचार केला की एरंडेलाची गाडी काढून टाकली तर? आपल्या रक्तात अल्ब्युमिन नावाचे प्रथिन असते. पाण्यात न विरघळणारे अनेक पदार्थ अंगावर घेऊन शरीरभर पोहोचवणे हे त्याचे रोजचेच काम. पॅक्लिटॅक्सेल याच अल्ब्युमिनला बांधून १३० नॅनोमीटरचे कण बनवले गेले. याला म्हणतात नॅब-पॅक्लिटॅक्सेल. मूळ कंपनीचे नाव अब्राक्सेन.

अमेरिकेत २००५ साली स्तनाच्या कॅन्सरसाठी आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये फुप्फुसाच्या ‘नॉन-स्मॉल सेल’ प्रकारासाठी त्याला मंजुरी मिळाली. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ते एकटे देत नाहीत, कार्बोप्लॅटिन या दुसऱ्या औषधासोबत देतात. भारतात आज वेगवेगळ्या कंपन्यांची नॅब-पॅक्लिटॅक्सेल मिळतात. शिवाय भारतातच डाबर फार्माने पॅक्लिटॅक्सेलचे पॉलिमरच्या नॅनोकणातले एक रूप २००७ साली बाजारात आणले होते.

यात क्रेमोफोर नाही, म्हणून ॲलर्जीसाठी आधी स्टेरॉइड देण्याची सक्ती नाही. सलाइन साधारण अर्ध्या तासात संपते. बाटली बघूनही ओळखता येते. साधे पॅक्लिटॅक्सेल पातळ आणि पारदर्शक असते. नॅब-पॅक्लिटॅक्सेल पावडरच्या रूपात येते आणि सलाइनचे पाणी घातल्यावर दुधासारखे पांढरे दिसते.

दोन्ही बाटल्यांवर पॅक्लिटॅक्सेल हा शब्द असतो, पण त्यांचे डोस वेगळे आहेत. एकाच्या जागी दुसरे परस्पर बदलून चालत नाही. म्हणून "हे नाही तर ते द्या" असे मेडिकलच्या काउंटरवर कधीही ठरवू नये.

ठिबकचे गणित

आता त्या दाव्याकडे येऊ ज्यामुळे लोक सर्वांत जास्त भुलतात : "नॅनो दवा थेट गाठीवर जाते, बाकी शरीराला हात लावत नाही."

यामागचा विचार खान्देशातल्या कोणालाही पटकन समजेल. केळीच्या बागेत पाटाने मोकाट पाणी सोडले तर अर्धे पाणी झाडाला मिळते, अर्धे तणाला आणि रिकाम्या जमिनीला. ठिबक लावली की पाणी मुळाशीच पडते. साधी केमो म्हणजे मोकाट पाणी. ते कॅन्सरच्या पेशीला मारते तसेच केसांच्या मुळांना, तोंडाच्या आतल्या त्वचेला, हाडातल्या रक्त बनवणाऱ्या पेशींनाही मारते. नॅनो म्हणजे ठिबक, अशी कल्पना.

या कल्पनेला आधार आहे. १९८६ साली जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा या संशोधकांनी दाखवले की कॅन्सरची गाठ घाईघाईत वाढते, त्यामुळे तिच्या रक्तवाहिन्या कच्च्या आणि भोकाभोकांच्या असतात. त्या फटींतून मोठे रेणू गाठीत झिरपतात, आणि गाठीतून निचरा नीट होत नसल्याने तिथेच साठून राहतात. नॅनो दवेचा बराचसा डोलारा याच शोधावर उभा राहिला.

पण प्रत्यक्षात किती झिरपते? २०१६ साली कॅनडातल्या टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांत प्राण्यांवर झालेल्या प्रयोगांचा हिशोब एकत्र मांडला. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचणारे कण मध्यम हिशोबाने फक्त ०.७ टक्के निघाले. हजारात सात! बाकीचे मुख्यतः यकृत आणि प्लीहा पकडून ठेवतात, कारण रक्तातला परका कण गाळणे हे त्यांचे कामच आहे. शिवाय उंदरांची गाठ काही आठवड्यांत वाढलेली असते, माणसाची अनेक वर्षांत. दोन्हींच्या रक्तवाहिन्या सारख्या कच्च्या नसतात.

नॅब-पॅक्लिटॅक्सेलचे कण तर रक्तात गेल्यावर लवकरच फुटून सुटे होतात. अल्ब्युमिनचा एकेक रेणू औषध घेऊन पुढे जातो. म्हणून त्याला गाठ शोधत जाणारे क्षेपणास्त्र समजणे चूक आहे. ते औषध शरीरभर जातेच. केस गळतातच, रक्तातल्या पेशी कमी होतातच.

गाठ ‘ओळखणारे’ कणही बनवून पाहिले गेले आहेत. अमेरिकेतल्या बाइंड थेरप्युटिक्स या कंपनीने डोसेटॅक्सेल हे औषध अशा कणात भरले होते आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या मरीजांवरही त्याच्या चाचण्या केल्या होत्या. मोठा गाजावाजा झाला. २०१६ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रयोगशाळेतले यश आणि माणसाच्या शरीरातले यश यात किती अंतर असते, ते यावरून दिसते.

१०५२ मरीजांनी काय सांगितले

मग फायदा किती? त्यासाठी आपल्याला जाहिरात नको, चाचणी हवी. अब्राक्सेनला फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी मंजुरी ज्या चाचणीवरून मिळाली तिचे निकाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. १०५२ मरीज होते, सर्वांचा आजार पुढच्या टप्प्यातला. निम्म्यांना नॅब-पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, निम्म्यांना साधे पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन.

गाठ लक्षणीय आकसली असे मरीज नॅनो गटात ३३ टक्के होते, साध्या गटात २५ टक्के. ‘स्क्वॅमस’ या उपप्रकारात हा फरक आणखी मोठा दिसला : ४१ विरुद्ध २४ टक्के. हातापायांचा गंभीर बधिरपणा नॅनो गटात ३ टक्के मरीजांना आला, साध्या गटात १२ टक्के मरीजांना. इथे नॅनोची बाजू भक्कम आहे.

पण रक्त कमी होण्याचा गंभीर त्रास नॅनो गटात जास्त होता, २७ टक्के विरुद्ध ७ टक्के. आणि सर्वांत महत्त्वाचा आकडा आयुष्याचा. नॅनो गटाचे सरासरी आयुष्य १२.१ महिने, साध्या गटाचे ११.२ महिने. फरक एका महिन्याहूनही कमी, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो पक्का धरता येत नाही. सत्तरी ओलांडलेल्या मरीजांत मात्र फरक मोठा दिसला, १९.९ विरुद्ध १०.४ महिने. पण तो गट लहान होता, म्हणून त्यावरून मोठा निष्कर्ष काढताना सावध राहावे लागते.

सरळ मराठीत सांगायचे तर नॅनो दवा काही मरीजांचा त्रास कमी करते, काहींची गाठ जास्त आकसते, पण "साधी दिली तर मरेल, नॅनो दिली तर वाचेल" असे अजिबात नाही. ज्या मुलाने ऐपत नाही म्हणून बापाला साधी केमो दिली, त्याने बापाच्या हक्कात कमी केले असे समजायचे कारण नाही.

आपल्या भागातल्या माणसाचा हिशोब

चाचणीत जे छापले जात नाही ते आपल्याला स्वतः जोडावे लागते.

पहिली गोष्ट साखरेची. आपल्या समाजात डायबेटिसचे मरीज घरोघरी आहेत. साध्या पॅक्लिटॅक्सेलसोबतच्या स्टेरॉइडने साखर झपाट्याने वाढते. डायबेटिसमुळे ज्यांचे पाय आधीच बधिर आहेत, त्यांना केमोचा बधिरपणा आणखी जड जातो. अशा मरीजासाठी नॅब-पॅक्लिटॅक्सेलचा विचार करायला खरेच कारण आहे. उलटी थांबवण्यासाठी थोडे स्टेरॉइड तरीही द्यावे लागू शकते, तेवढे डॉक्टरांना विचारून घ्यावे. आधी क्रेमोफोरची ॲलर्जी आलेल्यांनाही हेच लागू.

दुसरी गोष्ट फेऱ्यांची. वरच्या चाचणीत साधे पॅक्लिटॅक्सेल तीन आठवड्यांतून एकदा दिले होते. नॅब-पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला, म्हणजे तीन आठवड्यांत तीनदा. चार सायकल धरल्या तर कुठे चार फेऱ्या आणि कुठे बारा. मुंबईत राहणाऱ्याला हा फरक फार वाटणार नाही. पण चोपड्याहून किंवा साक्रीहून नाशिकला, औरंगाबादला म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, किंवा मुंबईच्या टाटाला जाणाऱ्याला तो फार मोठा आहे. गाडीभाडे, सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी, राहण्याची सोय, थकलेल्या शरीराचा प्रवास. काही ठिकाणी साधे औषधही आठवड्याला देतात, म्हणून आपले वेळापत्रक कोणते ते आधीच विचारावे. मधले डोस जवळच्या दवाखान्यात घेता येतील का, हेही विचारावे.

तिसरी गोष्ट, कॅन्सर कोणत्या जातीचा आहे. आज फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये बायोप्सीच्या तुकड्यावर जनुकांची चाचणी करतात. ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांत बिघाड सापडला तर केमोऐवजी गोळ्यांनीच सुरुवात होऊ शकते. भारतात अडेनोकार्सिनोमा या प्रकारात ईजीएफआरचा बिघाड असलेले मरीज पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त सापडतात. अशा मरीजाच्या घरच्यांनी "साधी की नॅनो" यावर आठवडा घालवणे म्हणजे चुकीच्या प्रश्नावर वेळ घालवणे आहे. आधी चाचणी, मग बाकीची चर्चा.

श्वासावाटे औषध : मुंबई आणि शिरपूर

फुप्फुस हा हवेचा अवयव. मग औषध शिरेतून कशाला, दम्याच्या पंपासारखे श्वासातूनच का देऊ नये? हा प्रश्न मला शाळेत मुलेही विचारतात आणि प्रश्न अगदी योग्य आहे.

अडचण मापाची आहे. साधारण १ ते ५ मायक्रॉनचे थेंब फुप्फुसात खोलवर बसतात. मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर. त्याहून मोठे थेंब घशातच अडकतात. सुटे नॅनोकण इतके हलके असतात की त्यांतले बरेच श्वासाबरोबर परत बाहेर येतात. म्हणून नॅनोकण आधी मोठ्या थेंबात किंवा पावडरच्या दाण्यात बांधावे लागतात. आत गेल्यावर दाणा सुटला पाहिजे आणि कण मोकळे झाले पाहिजेत. त्यातही केमोची दवा निरोगी फुप्फुसाला जाळणार नाही याची खात्री हवी. कॅन्सरच्या मरीजाचे फुप्फुस आधीच अर्धे बंद असते, आणि हवा जिथे पोहोचत नाही तिथे औषधही पोहोचत नाही.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. रिंती बॅनर्जी यांच्या प्रयोगशाळेत यावर महत्त्वाचे काम झाले. आपल्या फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या चिकटून बसू नयेत म्हणून त्यांच्या आतून सर्फॅक्टंट नावाचा चरबीयुक्त थर असतो. त्या थराची नक्कल करणारे कण बनवले तर औषध पोहोचवताना फुप्फुसाला मदतच होईल, हा त्यामागचा विचार.

आपल्या धुळे जिल्ह्यात शिरपूरला आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र संस्था आहे. तिथेही नॅनोकणांवर संशोधन होते. तिथल्या एका अभ्यासात दम्यावरचे इटोफायलिन हे औषध कायटोसानच्या नॅनोकणांतून फुप्फुसात कसे पोहोचवता येईल ते तपासले गेले. कायटोसान हा पदार्थ मुख्यतः झिंगे-खेकड्यांच्या कवचापासून मिळतो. हा अभ्यास कॅन्सरचा नाही, पण रस्ता तोच आहे. आपल्या मुलामुलींनी बी. फार्म.ला प्रवेश घेताना हेही ध्यानात ठेवावे की या शिक्षणातून मेडिकल टाकण्याशिवाय दुसरेही दरवाजे उघडतात.

श्वासावाटे नॅनो दवा देणे अशक्य नाही. फुप्फुसाच्या एका हट्टी जंतुसंसर्गावर ॲमिकॅसिनचे लिपोसोम श्वासातून देण्याला अमेरिकेत २०१८ साली मंजुरी मिळाली आहे. पण फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी श्वासावाटे द्यायची अशी नॅनो केमो अजून दवाखान्यात आलेली नाही. म्हणून "नॅनो पंप" किंवा "नॅनो वाफ" म्हणून कोणी कॅन्सरचा इलाज विकत असेल तर त्याला सलाम करून निघून यावे. सोन्याचे नॅनोकण, हळदीचे नॅनोकण या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांनाही तोच नियम. नॅनो दवा कशी तपासायची याची मार्गदर्शक तत्त्वे भारत सरकारने २०१९ मध्ये जाहीर केली आहेत. बाटलीवर नॅनो छापले म्हणून ती तपासली गेली असे होत नाही.

अल्ब्युमिन, अल्कोहोल आणि आपला सवाल

नॅब-पॅक्लिटॅक्सेलमधले अल्ब्युमिन माणसांनी दान केलेल्या रक्तातून मिळवतात. साध्या पॅक्लिटॅक्सेलच्या द्रवात अल्कोहोल असते. आपल्याकडे काही घरांत या दोन्हींवरून शंका निघते, आणि ती विचारण्यात लाज नाही.

जीव वाचवण्याच्या गरजेत सवलत असते हे तत्त्व आपल्या फिकहमध्ये जुने आहे. रक्त चढवण्याच्या मसल्यातही उलमांनी याच गरजेचा विचार केला आहे. ज्यांना मनाची खात्री हवी त्यांनी आपल्या विश्वासातल्या मुफ्तीसाहेबांना बाटलीवरचे घटक दाखवून विचारावे. मात्र उत्तर येईपर्यंत केमोची तारीख चुकवू नये. तसेच रमजानमध्ये केमो आली तर रोजासाठी डोस पुढे ढकलू नये. मरीजाला रोजाची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे.

पैसा कुठून, किती?

साधे पॅक्लिटॅक्सेल हे सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे त्याच्या किमतीला कमाल मर्यादा आहे. नॅब-पॅक्लिटॅक्सेल महाग पडते आणि कंपनीगणिक भाव बदलतो. त्यामुळे विकत घ्यायचेच असेल तर दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा, कच्ची चिठ्ठी न घेता पक्के बिल घ्यावे.

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराचे संरक्षण आहे, आणि आता ही योजना राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारकांसाठी खुली आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. आपल्या मरीजाला लिहून दिलेली केमो योजनेत बसते का, नॅनो बसते की फक्त साधी, हे त्यालाच विचारावे. योजनेचा मोफत नंबर १५५३८८. दागिने मोडण्याच्या आधी हा एक फोन करावा. रेशनकार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव वेगळे असेल तर अडचण येते. ही दुरुस्ती आज, घरात सगळे ठणठणीत असतानाच करून ठेवावी.

मशिदीच्या कमिटीने किंवा बैतुलमालने मदत करताना एक काम करावे. डॉक्टरांचा लेखी सल्ला पाहावा आणि नॅनो नेमकी का लिहिली आहे हे विचारावे. कारण खरे असेल तर मदत जरूर करावी. पण एका मरीजाच्या महाग बाटलीत जेवढे पैसे जातात, तेवढ्यात कदाचित तीन मरीजांचे सीटी स्कॅन वेळेवर होतील. अमानतीच्या पैशाचा हा हिशोब करायलाच हवा.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

१. कॅन्सर नॉन-स्मॉल सेल आहे की स्मॉल सेल? त्यात स्क्वॅमस की अडेनो?
२. जनुकांची चाचणी झाली का? गोळी किंवा इम्युनोथेरपी लागू पडते का?
३. माझ्या मरीजासाठी नॅब-पॅक्लिटॅक्सेल साध्यापेक्षा का बरे? वय, साखर, ॲलर्जी, पायांचा बधिरपणा, यांपैकी कोणते कारण?
४. एकूण फेऱ्या किती, आणि कोणते डोस जवळच्या दवाखान्यात घेता येतील?
५. योजनेतून काय मिळेल आणि खिशातून काय जाईल?

तिसऱ्या प्रश्नाला ठोस उत्तर मिळाले तर नॅनो घेण्यात अर्थ आहे. "नवीन आहे, चांगले आहे" एवढेच उत्तर आले तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

नॅनोपेक्षा मोठी गोष्ट

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला फुप्फुसाच्या कॅन्सरचे ८० हजारांहून जास्त नवे मरीज सापडतात. त्यांतले बहुतेक उशिरा सापडतात. आपल्याकडे उशीर होण्याचे एक मोठे कारण म्हणजे टीबी. खोकला, वजन घटणे, थुंकीत रक्त, एक्स-रेवर डाग. दोन्ही आजार सारखेच दिसतात. थुंकीत टीबीचा जंतू न सापडताच टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि त्यात कित्येक महिने निघून जातात. गाठ मात्र थांबत नाही.

म्हणून तीन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीत रक्त, आवाज बसणे, छातीत सतत दुखणे असेल तर थुंकीची सीबीनॅट चाचणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. टीबी सिद्ध झाला नाही, किंवा गोळ्या चालू असूनही तब्येत खालावत असेल, तर सीटी स्कॅनबद्दल स्वतःहून विचारावे. "बाई तर बिडी ओढत नाही, तिला कसा होईल" हे मनातून काढून टाकावे. चुलीचा धूर आणि हवेतले प्रदूषण यांनीही हा आजार होतो.

आणि बिडी-सिगारेट. लूमवर रात्रपाळी करणाऱ्याला, ट्रक चालवणाऱ्याला सोडणे कठीण जाते हे खरे. पण मदत मिळते. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. शाळेत, मदरशात, जुम्याच्या बयानात हा नंबर सांगायला एक मिनिट लागते.

लवकर सापडलेली गाठ ऑपरेशन करून काढता येते, आणि मग साधी केमो की नॅनो हा सवाल अनेकदा उरतच नाही. नॅनोचा शोध चालू राहो, मुंबई आणि शिरपूरच्या प्रयोगशाळांना अल्लाह यश देवो. तोपर्यंत आपल्या हातात आहे ते आपण करू. खोकणाऱ्या माणसाला या आठवड्यातच दवाखान्यात घेऊन जाऊ.